चौदाव्या पानावर नसलेली ओळ

मला गप्प बसता येत नाही. हे माझ्या आईने, दोन्ही बहिणींनी आणि ज्याच्याशी आता काडीमोड झालाय त्या नवऱ्याने आपापल्या परीने मला सांगून झालेलं आहे. दिवसभर मी दातांच्या प्रयोगशाळेत लोकांच्या दाढांवर बसवायच्या टोप्या घासते, आणि एकटी असले तर त्या टोप्यांशीही बोलते. त्यामुळे जे झालं ते माझ्या तोंडाळपणामुळे झालं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तोंडाने केलेली चूक फार तर अर्ध्या मिनिटाची होती. पुढचे आठ महिने मी जे केलं ते गप्प बसून केलं.

मार्लिस ग्रुंडाल यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती वाचनालयातल्या फळ्यावरची एक चिठ्ठी वाचून. ‘खेळ लिहायला शिका. एक आड एक रविवार, दुपारी दोन. पाव आणि चीज मिळेल, कौतुक मिळणार नाही.’ खाली पत्ता होता आणि तो माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर होता. हे खेळ म्हणजे मैदानातले नव्हेत. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट पुढे न्यायची, ते खेळ. मी ते शाळेपासून खेळत होते. ते कुणीतरी बसून लिहितं, आणि ते लिहिणारी बाई मिलवॉकीत माझ्या घराजवळ राहते, हे मला माहीत नव्हतं. मार्लिस तेव्हा सत्तरीच्या होत्या आणि बेचाळीस वर्षं या खेळांची पुस्तकं लिहीत होत्या.

पहिल्या रविवारी आम्ही पाच जण होतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी एकटी उरले, कारण कौतुक खरोखरच मिळत नव्हतं. पहिला अभ्यास होता, गावात कानावर येतील अशा शंभर अफवा लिहून आणा. पुस्तकात अशी यादी असते, खेळाडू फासे टाकतो आणि जो आकडा पडेल ती अफवा त्याच्या कानी येते. मी शंभर घेऊन गेले, छान टंकून वगैरे. मार्लिसनी भिंग लावून त्या सगळ्या वाचल्या.

“पहिल्या चाळीस कुणालाही सुचतात,” त्या म्हणाल्या. “पुढच्या चाळीस तू कुठेतरी वाचल्या आहेस. शेवटच्या वीस तुला कंटाळा आल्यावर सुचल्यात, त्यातल्या बारा तुझ्या आहेत. छान. अजून अठ्ठ्याऐंशी घेऊन ये.”

“आणि कंटाळा येईपर्यंत चहा देऊ नकोस हिला,” कोपऱ्यातून ऑरिन म्हणाले.

ऑरिन प्रूस हे मार्लिसचे संपादक. आधी छापखान्यात यंत्रावर होते, मग मार्लिसची पुस्तकं छापता छापता ती दुरुस्त करायला लागले, आणि तेव्हापासून मार्लिसच्या स्वयंपाकघरात त्यांची एक खुर्ची आहे. मी एकदा लिहिलं होतं, भयाण काळोखात एक जुनाट दार करकरत उभं होतं. ऑरिननी लाल पेन्सिल कानावरून काढली.

“दार करकरत उभं राहत नाही, पोरी. आणि ते भयाण आहे की नाही ते मी ठरवीन. मला एवढंच सांग की मी त्या दाराचं काय करू शकतो? उघडू? ढकलू? माझ्या हातात काय आहे?”

“कंदील,” मी म्हणाले.

“मग कंदील लिही. दार राहू दे.”

मी चिडायचे, घरी जाऊन भांडी आपटायचे, आणि पुढच्या वेळी कंदील लिहून न्यायचे. माझ्या आयुष्यात कुणी माझ्या शब्दांकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं, वाईट म्हणण्यासाठीसुद्धा.

तिसऱ्या वर्षी मार्लिसचे डोळे गेले. सगळी नजर नाही, मधली. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खिडकीची चौकट दिसायची, पण बघायला जावं तिथे एक करडा डाग. भिंगाचा उपयोग संपला. मग त्या सांगायच्या आणि मी टंकायचे. आलेली पत्रंही मीच वाचून दाखवायचे, दर रविवारी, एकेक. “डेलचे डोळे बरे आहेत, तोंड मात्र बदलून मिळालं असतं तर,” असं त्या लोकांना माझ्याबद्दल सांगायच्या. मला ते आवडायचं. 

त्या हिवाळ्यात आम्ही ‘बर्फावरचं गाव’ लिहिलं. गोठलेल्या तळ्याकाठी एक वस्ती आहे, आठ आठवड्यांचा हिवाळा काढायचा आहे. मधोमध एक वाडगं, त्यात लाकडी मणी. मणी म्हणजे सरपण. दर आठवड्याला प्रत्येकाने मणी उचलायचे, कमी उचलले तर आपल्या घरात थंडी, जास्त उचलले तर शेजाऱ्याच्या. कुणी ना कुणी मरतंच. मार्लिसच्या टेबलावर आम्ही तो खेळ बारा-पंधरा वेळा खेळलो असू. कुणी मेलं की मार्लिस त्याच्या पुढ्यात कॉफीचा पेला सरकवायच्या आणि म्हणायच्या, “उठायचं नाही हं. मेलेल्याने दर आठवड्याला एका जिवंत माणसाला एक प्रश्न विचारायचा. जिवंताने खरं उत्तर द्यायचं.” तिथून खेळ खरा सुरू व्हायचा. जिवंत माणसं मेलेल्यांना टरकून असायची.

मार्चमध्ये पुस्तक तयार झालं, छपाईची पानं लागली आणि मुक्या चाचणीची वेळ आली. हे नाव ऑरिनचं. ज्यांनी खेळ कधी पाहिला नाही अशा माणसांना पुस्तक द्यायचं, त्यांनी वाचून खेळायचं, आणि लिहिणाऱ्यांपैकी एकाने भिंतीला टेकून बसून सगळं टिपायचं. कुठे अडले, कुठे जांभई दिली, कुठे मोबाइल काढला. बोलायचं नाही. हसायचंही नाही.

“पुस्तक विकलं गेलं की तू त्याच्याबरोबर लोकांच्या घरी जाणार आहेस का?” ऑरिन मला बजावत होते. “नाही ना? मग तिथेही तू नाहीस. एक शब्द बोललीस तर चाचणी बाद. नवी माणसं, नवा दिवस, सगळं पहिल्यापासून.”

“तिला पाठवतोयस म्हणजे धाडस आहे तुझं,” मार्लिस म्हणाल्या. पण त्यांना दिसत नव्हतं आणि ऑरिनना लोक ओळखायचे, म्हणून मलाच जावं लागणार होतं. निघताना ऑरिननी आणखी एक गोष्ट सांगितली. चाचणी नीट पार पडली तर मुखपृष्ठावर मार्लिसच्या नावाखाली माझं नाव टाकायचं, असं दोघांनी ठरवलं होतं.

वेस्ट ॲलिसमधल्या एका खेळांच्या दुकानात मागच्या खोलीत शनिवारी दुपारी चार जण जमले. शाळेची बस चालवणारा लॉइड टेस्की, त्याची मेहुणी, आणि तिच्या दोन मैत्रिणी. मी भिंतीपाशी वही घेऊन बसले. पहिला दीड तास मी इतकी गप्प होते की आईने पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता. तिसऱ्या आठवड्यात लॉइडचं पात्र थंडीने मेलं. त्याने चौदावं पान उघडून मोठ्याने वाचलं, “तुमचं पात्र मेलं की तुमचे मणी वाडग्यात परत टाका.” त्याने मणी टाकले. पान उलटलं. पुढे लांडगे होते. त्याने पान परत मागे घेतलं.

“मग मी काय करायचं?” तो म्हणाला.

“तू मेलास,” मेहुणी म्हणाली.

“ते कळलं. पण अजून पाच आठवडे आहेत. मी बसू की जाऊ?”

माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती ओळ पुस्तकात नव्हती. मार्लिसनी ती सांगितलीच नव्हती, मी टंकली नव्हती, ऑरिननी तपासताना शोधली नव्हती. आम्हा तिघांच्या ती इतकी कानात बसलेली होती की पानावर ती नाही हे कुणालाच दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. हेच पकडण्यासाठी मुकी चाचणी असते. मी वहीत लिहायला हवं होतं, चौदावं पान, मेलेला खेळाडू अडला, आणि त्याला जाऊ द्यायला हवं होतं.

लॉइडने खुर्चीवरचं जॅकेट उचललं आणि एक हात बाहीत घातला. मला ते बघवलं नाही. इतका सुंदर खेळ आणि हा माणूस घरी चालला.

“बसा,” मी म्हणाले. “मेलेल्याने दर आठवड्याला एका जिवंताला एक प्रश्न विचारायचा. त्याने खरं उत्तर द्यायचं.”

लॉइड बसला. एक बाही तशीच घातलेली. त्याने थोडा विचार केला आणि मेहुणीला विचारलं, “माझ्या वाटणीचं लाकूड तू कधीपासून उचलत होतीस?”  “पहिल्या आठवड्यापासून,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. पुढे दोन तास ती खोली कुणी सोडली नाही. शेवटी लॉइड मला म्हणाला, असा खेळ मी जन्मात खेळलो नाही.

घरी जाताना मी स्वतःला समजावलं की उद्या सांगू. अहवाल लिहिताना ती जागा आली तेव्हा मी लिहिलं, ‘तिसऱ्या आठवड्यात पहिला मृत्यू. मेलेल्या खेळाडूच्या प्रश्नाने टेबल शांत झालं. एक जण रडली.’ यातला एकही शब्द खोटा नाही. बाकीचं तोंडी सांगणार होते.

रविवारी ऑरिननी अहवाल मोठ्याने वाचला. मार्लिस टेबलाच्या कडेवर बोटं ठेवून ऐकत होत्या. एक जण रडली, इथे त्यांनी डोळे पुसले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. “डोळे गेल्यावर जमेल असं वाटलं नव्हतं मला,” त्या म्हणाल्या. ऑरिननी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“आणि तू? एक शब्दही बोलली नाहीस?”

“नाही,” मी म्हणाले.

“बघ, मार्लिस. चमत्कार होतात.”

दोघं हसले. मीही हसले. ऑरिननी जाहीर केलं की आता एका स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही, आहे तसं छापायचं. मंगळवारी मी त्यांना फोन करून म्हटलं, चौदाव्या पानावर मेलेल्यांबद्दल एखादी ओळ घालायची का? “का? अडले होते का तिथे?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही. “मग कशाला? पान भरलंय.” मी फोन ठेवला. मुखपृष्ठाचा नमुना त्याच संध्याकाळी आला, त्यावर माझं नाव होतं. डेल्फीन कोवाल्की. मी ते फ्रिजवर लावलं आणि मग तिकडे पाठ करून जेवले.

जुलैत पुस्तक लोकांच्या हाती पडलं, ऑगस्टपासून पत्रं यायला लागली. पहिलं नेब्रास्कातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं. ‘माझे यजमान दुसऱ्याच आठवड्यात गेले. उरलेला वेळ त्यांनी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. आमचं काही वाचायचं राहिलं का?’ मी लगेच उत्तर लिहिलं, मेलेल्याने प्रश्न विचारायचा असतो, क्षमस्व, आणि खाली मार्लिसचं नाव टाकलं. मग दुसरं आलं. मग एकाच दिवसात तीन. प्रत्येकाला मी तेच उत्तर दिलं, प्रत्येकाखाली तेच नाव. रविवारी मार्लिसना मी फक्त चांगली पत्रं वाचून दाखवायचे.

“सगळ्यांनाच आवडलं?” त्या विचारायच्या. “कुणीच कुरकुर करत नाही? पंचेचाळीस वर्षांत असं झालं नाही.”

“एक जण म्हणतो मणी घरंगळतात,” मी म्हणायचे.

“हं. ते खरंय.”

खाई त्याला खवखवे. दारावरची घंटा वाजली तरी मला वाटायचं, कुणीतरी पत्र घेऊन थेट इथेच आलंय.

मार्लिसना वाचता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं, हे मी विसरले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक पॉडकास्ट लावला, दोन तरुण खेळांवर बोलतात तो. त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा त्या टेबलापाशी ताठ बसल्या होत्या.

“चौदावं पान काढ. मोठ्याने वाच.”

मी वाचलं. “तुमचं पात्र मेलं की तुमचे मणी वाडग्यात परत टाका.”

“पुढे?”

“पुढे लांडगे आहेत.”

“मेलेल्यांचं कुठे आहे?”

“नाहीये.”

“मी सांगितलंच नव्हतं तुला?”

“नाही,” मी म्हणाले. “सांगितलं नव्हतं.”

हेही खरंच होतं. खरं बोलून कसं फसवायचं यात मी आता तरबेज झाले होते. मार्लिसनी माझ्याकडून पुस्तक घेऊन मिटलं. मग म्हणाल्या, “ती पोरं म्हणाली, टेबलावर कुणाला रिकामं बसवू नका हे जिने सगळ्यांना शिकवलं, तीच मेलेल्यांना विसरली. वाईट बोलली नाहीत. हळहळली.” त्यांनी हात मांडीवर घेतले. “माझी आई त्र्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे माझ्या आत्ताच्या वयात, आधी माझ्या भावाचं नाव विसरली. मग माझं.”

“मार्लिस, एक ओळ राहिली. कुणाचीही राहते.”

“कुणाचीही राहते म्हणून तर चाचणी असते. चाचणीत ते लोक आपोआप प्रश्न विचारायला लागले, तू लिहिलंयस. म्हणजे लोकांना न सांगता कळलं, आणि मला माहीत असून आठवलं नाही.”

मी तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सांगायचं म्हणजे मार्चपासून सांगावं लागलं असतं, अहवाल, फोन, पत्रं, सगळं. मी त्यांना सूप गरम करून दिलं आणि घरी आले. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

त्यानंतर त्या बदलल्या. कपाटांच्या दारांवर जाड शाईने मोठी अक्षरं लावली, डागाच्या कडेने दिसतील अशी. पुढच्या पुस्तकाच्या टिपणांचा खोका ऑरिनना देऊन टाकला. “राजीखुशीने दिला तिने,” ऑरिन मला म्हणाले, आणि ते तोंड फिरवून उभे राहिले. मार्लिसनी ऑक्टोबरमध्ये रविवारची शिकवणी बंद केली. “मी आता कुणाला शिकवणं बरं नाही,” एवढंच म्हणाल्या. मी तरी जात राहिले, पत्रं वाचायला. चांगली पत्रं त्यांना आता दयेची वाटायची.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. ऑरिन दरवर्षीप्रमाणे हरणांच्या शिकारीला उत्तरेला गेले होते, म्हणून गाडी मी चालवणार होते. मार्लिस गाडीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवा कोट घातला होता, ओठांना थोडा रंग लावला होता. परीक्षेला निघालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईने एक फॉर्म दिला. बसायच्या जागेत आमच्याखेरीज एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्यातले आजोबा झोपले होते. मी फॉर्म मांडीवर घेतला आणि वाचायला लागले. नाव, जन्मतारीख, औषधं. घरी एकट्या राहता का? हो. पैसे स्वतः हाताळता का? हो. मग सहावा प्रश्न आला.

“गेल्या वर्षभरात, तुम्हाला पक्की माहीत असलेली एखादी महत्त्वाची गोष्ट तुम्ही विसरलात का? उदाहरण द्या.”

“लिही,” मार्लिस म्हणाल्या. त्यांनी वाक्य आधीच तयार करून ठेवलं असणार, कारण त्या न अडखळता सांगत गेल्या, जसं पुस्तक सांगायच्या. “पंचेचाळीस वर्षं या कामात असून, मला तोंडपाठ असलेला नियम मी स्वतःच्या पुस्तकात घालायला विसरले. छापून आल्यावर परक्या लोकांनी सांगितलं तेव्हा कळलं. तोपर्यंत कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पूर्णविराम.”

मी ‘पंचेचाळीस वर्षं या कामात असून’ इथपर्यंत लिहिलं. पुढे पेन चालेना. हा कागद डॉक्टर वाचणार होता. माझ्या अक्षरात.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“मार्लिस, लक्षात आलं होतं.”

“कुणाच्या?”

“माझ्या. मार्चमध्येच. चाचणीच्या दिवशी तो बसवाला मेल्यावर उठून निघाला होता. जॅकेट घालत होता. मी बोलले. मी त्याला नियम सांगितला. ते आपोआप झालं नव्हतं.”

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला, थोडा तिरका, कारण मला बघायचं तर त्यांना माझ्या कानाकडे बघावं लागायचं.

“आणि अहवालात लिहिलं नाहीस.”

“नाही. ऑरिननी विचारलं तेव्हाही खोटं बोलले. पत्रंही आली होती. ऑगस्टपासून. लोक विचारत होते मेल्यावर काय करायचं. मी तुमच्या नावाने उत्तरं दिली.”

“किती?”

“सदतीस.”

“त्यातली मला किती वाचून दाखवलीस?”

“एकही नाही.”

झोपलेल्या आजोबांनी कूस बदलली. त्यांच्या बायकोने आमच्याकडे पाहिलं आणि घाईने मासिक उघडलं. मार्लिसनी दोन्ही हात पर्सवर ठेवले होते.

“मुक्या चाचणीत पहिल्यांदा सगळे बोलतात,” त्या म्हणाल्या, अगदी हळू. “मी बोलले होते. ऑरिन तर उठून लोकांचे फासे टाकायला लागला होता. तू सांगितलं असतंस तर आम्ही वर्षभर तुझी चेष्टा केली असती आणि ती ओळ घातली असती. त्यात काय होतं?”

“मला वाटलं पुस्तकावरचं नाव जाईल.”

“गेलं नसतं.”

“आता कळतंय.”

“रोज सकाळी न्हाणीघरात,” त्या म्हणाल्या, “मी शंभरातून सात वजा करत खाली येते. त्र्याण्णव, शहाऐंशी. डॉक्टर तेच विचारतात म्हणे. दोनपर्यंत यायचं. एक आकडा चुकला की पुन्हा शंभर. कधी कधी पाच-पाच वेळा. पाय गार पडतात तिथे. अकरा आठवडे झाले.”

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, रुमाल दिला नाही. मी नाक पुसलं आणि त्यांची बाही धरली.

“चला घरी. तुम्हाला काही झालेलं नाही, मार्लिस. तुमचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे. हा फॉर्म मी फाडून टाकते. एक ओळ राहिली होती आणि ती मी लपवली, एवढंच आहे हे.”

“असं तू सांगतेस,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच माझा हात आपोआप सुटला. डोळे गेल्यापासून मी सांगितलेलं त्यांनी छापील पानासारखं खरं मानलं होतं. पत्रात काय आहे, औषधाच्या बाटलीवर काय आहे, बाहेर बर्फ किती पडलाय.

आतलं दार उघडलं आणि परिचारिकेने हाक मारली, “मिसेस ग्रुंडाल?” मार्लिस उठल्या. मीही उठले, कारण त्यांना दार सापडलं नसतं. परिचारिका आमच्याजवळ आली, तिने माझ्या हातातला अर्धवट फॉर्म घेतला आणि मार्लिसच्या डोळ्यांबद्दलची ओळ वाचली.

“आत थोडं वाचायचं, थोडं लिहायचं आहे,” ती म्हणाली. “मदतीला मुलीला बरोबर घेतलंत तरी चालेल.”

“मुलगी नाही,” मार्लिस म्हणाल्या. “तिला इथेच बसू दे. तुम्ही वाचून दाखवा मला.”

मग त्यांनी आपला हात पुढे केला, आणि ती अनोळखी बाई त्यांना धरून आत घेऊन गेली.